जक्कयाचा हिशेब: दान वेगळं, परतफेड वेगळी

कोल्हापुरात ख्रिस्ती समाज म्हटलं की लोकांना ठरावीक गोष्टी आठवतात. शाहूपुरीतलं वाइल्डर मेमोरियल चर्च, मिरजेचा वानलेस दवाखाना, मिशनची शाळा, नाताळचा केक आणि हल्ली जरा दबक्या आवाजात धर्मांतराचा वाद. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये इथं आले, तेव्हापासूनची ही ओळख. बायबल उधारी, व्याज, मजुरी आणि गहाण यांच्याबद्दल किती बोलतं, हे मात्र बाहेरच्यांना माहीत नसतं, आणि चर्चच्या बाकावर बसणाऱ्यांनाही सहसा आठवत नाही. मी आठवडाभर पतसंस्थांचे हिशेब तपासतो आणि रविवारी त्याच बाकावर बसतो. त्यामुळे मला हा भाग जरा जास्त खुपतो.

प्रश्न साधा आहे. श्रद्धेनं माणूस बदलला, हे ओळखायचं कशावरून?

चर्चमध्ये लोक उभं राहून साक्ष देतात. दारू सुटली, घरातली भांडणं मिटली, आजारातून उठलो. त्यातलं बरंचसं खरं असतं आणि ऐकून बरंही वाटतं. पण ‘अमक्याचे इतके पैसे मी दाबून ठेवले होते, ते गेल्या आठवड्यात नेऊन दिले’ अशी साक्ष क्वचितच कानावर येते. बायबलमधली माणूस बदलल्याची एक अतिशय गाजलेली गोष्ट मात्र नेमकी असली साक्ष आहे.

ती लूकच्या शुभवर्तमानात १९व्या अध्यायात येते. जक्कय हा यरीहो गावचा मुख्य जकातदार, अंगानं ठेंगणा. येशू गावातून चाललेला, गर्दीत काही दिसेना, म्हणून हा उंबराच्या झाडावर चढतो. येशू खाली थांबतो, त्याला नावानं हाक मारतो आणि आज तुझ्याच घरी उतरणार म्हणून सांगतो. लोक कुरकुरतात, की असल्या माणसाच्या घरी हा पाहुणा कसा गेला. मग जक्कय सगळ्यांदेखत सांगतो: माझ्या मालमत्तेतलं अर्धं गरिबांना देतो, आणि कुणाचं लुबाडून घेतलं असेल तर त्याच्या चौपट परत करतो. रविवारच्या शाळेत मुलांना झाडावर चढणारा बुटका माणूस पक्का लक्षात राहतो. चौपटीचं गणित त्यांना कुणी घालत नाही.

हा जकातदार पगारी कारकून नव्हता. रोमन साम्राज्यात जकातीची वसुली मक्त्यानं दिली जायची. मक्तेदारानं सरकारला ठरलेली रक्कम द्यायची आणि मग लोकांकडून ती काढायची. वर जे सुटेल ती त्याची कमाई. म्हणजे जास्त उकळणं हा त्या धंद्यात अधूनमधून होणारा गैरप्रकार नव्हे, नफ्याची जागाच तिथं होती. त्यात यरीहो म्हणजे खजुराच्या आणि सुगंधी बाल्समच्या बागांचं गाव, यार्देन नदी ओलांडून यरुशलेमकडे चढणाऱ्या वाटेवरचं. नाक्याला याहून सोयीची जागा कुठली? कोल्हापूरकराला हे फार फोडून सांगावं लागू नये. शहरातल्या रस्त्यांवर खासगी टोल बसला तेव्हा ‘देणार नाही, टोल देणार नाही’ म्हणत अख्खं शहर एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्याबरोबर रस्त्यावर उतरलं आणि २०१५ च्या अखेरीला तो टोल गेला. यरीहोच्या वाटसरूला मात्र कृती समिती काढायची सोय नव्हती. जकातदाराच्या मागं रोमन शिपाई उभा होता.

याच लूकच्या पुस्तकात आधी एक प्रसंग आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार येतात आणि विचारतात, आम्ही काय करावं? तो त्यांना उपास सांगत नाही, यात्रा सांगत नाही. ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच सांगतो. शिपायांनाही तसंच: दमदाटी करून पैसे काढू नका, पगारात भागवा. पश्चात्ताप म्हटलं की आपण डोळ्यांत पाणी येण्याची वाट बघतो. योहान दरपत्रकाबद्दल बोलतो.

आता जक्कयाचं गणित. मोशेच्या नियमशास्त्रात फसवणुकीच्या भरपाईचे दर ठरलेले होते. माणसानं स्वतःहून कबुली दिली तर मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा, म्हणजे १०० चे १२०. चोरलेलं मेंढरू कापून खाल्लं किंवा विकून टाकलं तर एकाला चार, आणि बैल असेल तर एकाला पाच. जक्कय स्वतःहून बोलला होता, १२० वर सुटला असता. त्यानं स्वतःला मेंढरू-चोराचं कलम लावून घेतलं.

पुढचं त्याहून गमतीचं आहे. समजा त्याची एकूण मालमत्ता १०० रुपये. अर्धी गरिबांना दिली, उरले ५०. चौपट परतफेड या ५० तूनच करायची. म्हणजे १०० पैकी फार तर साडेबारा रुपये लुबाडलेले असतील, तरच त्याचा शब्द पुरा होतो, आणि तेव्हाही हातात शून्य राहतं. लुबाडणूक तेरा रुपयांची निघाली की माणूस दिवाळखोर. एकतर जक्कय लोक समजत होते तितका भ्रष्ट नव्हता, किंवा रस्त्यावर यायची त्याची तयारी होती. लूक यावर काही बोलत नाही. मला स्वतःला दुसरी शक्यता जास्त पटते, कारण त्यानं आकडा बेरीज करून सांगितलेला दिसत नाही. हिशेबनीस माणूस हिशेब न करता बोलला, यातच काहीतरी घडलं होतं.

क्रम इथं महत्त्वाचा. येशूनं आधी पैसे परत कर, मग येतो, अशी अट घातली नाही. आधी तो त्याच्या घरी गेला. ख्रिस्ती धर्मशास्त्र याला कृपा म्हणतं: देव माणसाला जवळ करतो ते त्याच्या लायकीवरून नाही. या कृपेबद्दल दोन्ही बाजूंनी घोटाळे होत आले आहेत. पैसे मोजून क्षमा मिळते, हा एक घोटाळा. मार्टिन लूथरनं १५१७ मध्ये ९५ मुद्दे मांडले ते पापमुक्तीची पत्रं विकण्याच्या धंद्याविरुद्धच. दुसरा घोटाळा आपल्या ओळखीचा: क्षमा मिळाली, आता मागचं काढायचं नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मगुरूनं एका पत्रात यावर स्पष्ट लिहून ठेवलं आहे, की परत देणं शक्य असताना जो देत नाही, त्याचा पश्चात्ताप हे सोंग आहे. यात एक मोकळीकही आहे. ज्याच्याकडे खरंच काही उरलेलं नाही, त्याला हे लागू नाही.

दान आणि परतफेड

जक्कयानं दोन गोष्टी केल्या आणि त्या एकमेकींत मिसळल्या नाहीत. अर्धी मालमत्ता गरिबांना, हे दान. ज्याचं घेतलं त्याला चौपट, ही परतफेड. आपल्याकडे, म्हणजे सगळ्याच धर्मांत, पहिलीवर दुसरी भागवायची सवय आहे. दानाची पाटी लागते, सत्कार होतो, घेणारा हात जोडतो. परतफेडीत देणाऱ्याची मान खाली जाते आणि घेणाऱ्याला आभार मानायचं कारण नसतं. म्हणून दान सोपं जातं.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. धुणीभांडी करणाऱ्या एका बाईनं मुलीच्या आजारपणात २०,००० रुपये घेतले, ‘दहा टक्क्यानं’. सावकारीच्या बोलीत टक्का म्हणजे महिन्याचा टक्का, म्हणजे वर्षाला १२०. ती दरमहा २,००० व्याज देते. तीन वर्षांत ७२,००० देऊन झाले आणि मुद्दल २०,००० जिथल्या तिथं. महाराष्ट्रात सावकारी नियमन अधिनियम २०१४ पासून आहे. परवानाधारक सावकारालाही विनातारण कर्जावर शेतकऱ्याकडून वर्षाला १२ टक्के आणि इतरांकडून १८ टक्के, एवढीच मर्यादा ठरवून दिलेली. १८ टक्क्यानं हेच कर्ज मांडलं तर महिन्याला २,००० च्या हप्त्यानं ते ११ महिन्यांत फिटतं आणि बाईचे एकूण साधारण २२,००० जातात. म्हणजे सुमारे ५०,००० रुपये तिच्याकडून जास्तीचे गेले.

आता या सावकाराला उपरती झाली. त्यानं अन्नदानाला ५,००० ची पावती फाडली, किंवा चर्चच्या छपराला पत्रे दिले. ते दान. मोशेच्या नियमानं स्वतःहून कबुली देणाऱ्याची परतफेड ६०,००० होते. जक्कयाच्या मापानं दोन लाख. शिवाय सहीचे कोरे चेक, स्टॅम्प पेपर, ताब्यात ठेवलेलं एटीएम कार्ड हे सगळं घरी नेऊन द्यायचं. (उपरती झाली नाही तर काय, याचीही तजवीज आहे: सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, आणि सावकारीतून १५ वर्षांच्या आत लिहून घेतलेली जमीन परत मिळण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे.)

दोन लाख ऐकून कुणी म्हणेल, हे जरा अति झालं. म्हणून बायबलमधल्या नहेम्याची गोष्ट सांगतो. ख्रिस्तपूर्व ४४५ च्या सुमारास तो यरुशलेमचा पडका तट बांधून घेत होता. काम चालू असतानाच बायाबापड्यांनी ओरडा केला. दुष्काळात धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडली, राजाचा कर भरायला कर्ज काढलं, आता पोरं गुलामीत जातायत, आणि सावकार आपलेच भाऊबंद. नहेम्यानं मोठी सभा बोलावून धनकोंना समोर उभं केलं. स्वतः आणि त्याचे लोकही पैसे-धान्य उसनं देत होते, हेही तो त्याच सभेत बोलतो. शेतं आणि घरं त्याच दिवशी परत करा, आणि घेतलेला ‘शंभरावा हिस्सा’सुद्धा. हा शंभरावा हिस्सा म्हणजे महिन्याला एक टक्का, असं बहुतेक अभ्यासक समजतात. वर्षाचे झाले १२ टक्के. आज शेतकऱ्याच्या विनातारण कर्जाला आपला कायदा जो दर चालवून घेतो, तोच. अडलेल्या माणसाकडून घेतलेला तेवढा दरही नहेम्यानं परत करायला लावला, आणि याजकांना बोलावून शपथ घेतली.

एकट्याचं मन बदलून भागत नाही

जक्कयानं सगळं परत केलं तरी यरीहोचा नाका तिथंच राहिला. दुसऱ्या वर्षी मक्ता दुसऱ्यानं घेतला असणार. इथं ‘माणूस बदला, समाज आपोआप बदलेल’ हे वाक्य लंगडं पडतं. बायबललाही ते पुरेसं वाटलेलं नाही, नाहीतर त्यात इतका कायदा आला नसता. अडचणीतल्या माणसाला दिलेल्या पैशावर व्याज नको. गहाण ठेवलेलं पांघरूण सूर्य मावळायच्या आत परत, कारण तो रात्री पांघरणार काय? मजुराची मजुरी त्याच दिवशी. शेताचा कडेचा भाग कापायचा नाही, सरवा वेचायला गरीब आणि परके येतील. सातव्या वर्षी कर्जं सोडायची. आणि ५० व्या वर्षी, ज्याला योबेल वर्ष म्हणतात, विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत.

योबेलचं गणित फारच विचारपूर्वक केलेलं आहे. जमीन विकायची ती पुढच्या योबेलपर्यंत किती पिकं निघतील तेवढी पिकंच विकायची. ४० वर्षं उरली असतील तर किंमत जास्त, ५ उरली असतील तर कमी. म्हणजे खरेदीखत नावाचं, व्यवहार खंडाचा. बापानं दारूत किंवा दुष्काळात जमीन घालवली तरी नातवाला ती मिळायची. तटबंदी असलेल्या शहरातलं घर मात्र वर्षाच्या आत सोडवलं नाही तर कायमचं गेलं. तो चरितार्थाचा मार्ग मानलेला नसावा. आणि याच अध्यायात एक डागही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही: परक्या वंशाच्या गुलामांना ही सुटका नव्हती.

हे खरंच कधी अमलात आलं का? योबेल पाळला गेल्याचा ठोस पुरावा नाही. सातव्या वर्षाच्या कर्जमुक्तीनं तर उलटीच अडचण केली. वर्ष जवळ आलं की कुणी कर्ज देईना. शेवटी ख्रिस्ताच्या थोडं आधी हिल्लेल नावाच्या यहुदी गुरूनं कर्ज न्यायालयाच्या नावे करून माफीतून वाचवण्याची कायदेशीर वाट काढली, गरिबाला उसनं मिळणं तरी बंद होऊ नये म्हणून. कर्जमाफीच्या बातम्या आल्या की बँका हात आखडतात, ही तक्रार काही आजची नाही. तरी कल्पना मेली नाही. १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला ७०,००० च्या आसपास लोकांनी मानवी साखळी केली, गरीब देशांची कर्जं माफ करा म्हणून, आणि त्या चळवळीचं नाव योबेलवरूनच ठेवलेलं होतं.

कायद्यानं काय होतं, हे या मातीला कुणी शिकवायला नको. राजर्षी शाहूंनी १९१८ मध्ये महार वतनं मोडून त्या जमिनी माणसांच्या नावावर केल्या, तेव्हा गावाची मनं बदलायची वाट पाहिली नाही. वतनाच्या तुकड्यापायी पिढ्यान्‌पिढ्या राबणं संपवायला हुकूमच लागला.

पण नुसता कायदाही कुणीतरी अस्वस्थ झाल्याशिवाय येत नाही, आणि अस्वस्थ व्हायला वेळ लागतो. जॉन न्यूटन हा इंग्रज खलाशी १७४८ च्या वादळात देवाला शरण गेला. त्याचं एक भजन आज जगभर गातात. सांगताना बहुतेकदा गाळतात ते असं, की त्यानंतरही तो गुलामांची जहाजं नेत होता, त्यांचा कप्तान होता, आणि १७५४ मध्ये दर्यावरचं काम सोडलं ते प्रकृतीमुळे. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उघड लिहिलं १७८८ मध्ये. मधली चाळीस वर्षं! प्रार्थना बदलली होती, डोळे उघडायचे होते. उलट जॉन वूलमन हा अमेरिकेतला साधा शिंपी, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा. कुणाकडे पाहुणा गेला आणि तिथं गुलामांनी त्याची सेवा केली तर जाताना त्या गुलामांना पैसे देऊन यायचा. यजमानाची पंचाईत व्हायची, आणि तोच हेतू असावा. पुढं त्यानं साखर खाणं टाळलं, कारण ती गुलामांच्या घामाची. १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी गुलाम बाळगणाऱ्याला सभासद राहू द्यायचं नाही असं ठरवलं. एवढं होऊन १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेनं आपल्या वसाहतींत गुलामी बंद केली तेव्हा २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली ती मालकांना. राबलेल्यांना एक पैसा नाही. जक्कयाचा हिशेब उलटा मांडला तर असा दिसतो.

साखरेचा विषय निघाला आणि आपण कोल्हापुरात आहोत, तेव्हा तो टाळता येणार नाही. दिवाळीच्या सुमारास बीडसह मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता. टोळीचा मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो, ती टनाच्या दरातून फेडायची. आजारपणात तोड चुकली की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर, म्हणजे पुढच्या वर्षीचा कोयताही आजच बांधला गेला. कागदावर हे कर्ज आहे, त्यावर व्याजही नसेल. पण दर ठरवताना घासाघीस करायची ताकद त्या उचलीनं आधीच काढून घेतलेली असते. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात शेत कापणाऱ्या मजुरांबद्दल लिहिलंय, की अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते. कापणाऱ्यांचा आक्रोश देवाच्या कानी गेला, असंही तो पुढं म्हणतो. इथं मजुराचं कुणी ऐकत नाही हे त्याला ठाऊक असावं.

इथं जक्कय कोण? मुकादम स्वतः अनेकदा कर्जात बुडालेला. वाहतूकदार म्हणतो पैसे घेऊन टोळी पळाली, आणि तेही घडतं. कारखाना म्हणतो आमचा करार वाहतूकदाराशी, मजुराशी नाही. ऊस घालणारा शेतकरी म्हणतो मलाच एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, वेळेवर मिळत नाही. प्रत्येकाचं थोडंथोडं खरं. राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार महामंडळ झालं, तेही कामाचं आहे. पण श्रद्धेचा प्रश्न उरतोच: माझ्या ताटातल्या साखरेत माझा किती वाटा?

कोल्हापुरात या प्रश्नाला एक उत्तर आहे, जे वूलमनला नव्हतं. इथले बरेच कारखाने सहकारी आहेत. ऊस घालणारा हा सभासद, म्हणजे मालक. त्याचा शेअर आहे, एक मत आहे. हंगामात कुणी फडावर जाऊन टोळीच्या पोरांना स्वेटर वाटले तर चांगलंच, वाटावेत. ते अर्ध्या मालमत्तेच्या रांगेतलं काम झालं. चौपटीच्या रांगेतलं काम म्हणजे करारात तोडणाऱ्या बाईचं आणि बाप्याचं नाव वेगवेगळं आहे का, खाड्याची कपात कुणी आणि कशाच्या आधारावर ठरवली, मागच्या बाकीची नोंद मजुराला दाखवतात का, हे विचारणं. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरीपर्यंत घ्यावी लागते, तिची नोटीस घरी येते. विषयपत्रिकेच्या तळाला ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ अशी एक ओळ असते.